खुर्च्यांचा हिशेब

पंचायतीत कारकून मी,
पण ग्रामसभेच्या खुर्च्याही मीच मांडतो. अठरा वर्षं.
गावाला हिशेब किती हवाय
ते मी खुर्च्यांवरून सांगतो.

खाण चालू होती तेव्हा नऊ पुरायच्या,
त्यातल्या दोन पंचांच्या बायकांना.
दर घरामागे एक टिपर, बँकेचा,
तुळशीच्या पानांवर तांबडा थर
आणि थराखाली सगळं बरं.
कुष्टा वेळीप एकटाच उठायचा:
झरीवरच्या नळाचे साडेचार लाख गेले कुठे?
मागून कोणीतरी, "तुका कित्याक पडलां रे?
तुज्या घरा उदक येता न्ही?"
हशा. मग चहा, भजी.
इतिवृत्तात हशा लिहायची पद्धत नाही.

मग खाण बंद पडली.
पहिल्या वर्षी लोकांनी वाट पाहिली,
दुसऱ्या वर्षी सोनं गहाण टाकलं,
तिसऱ्या वर्षी सभेला आले.
कपेलातून चाळीस खुर्च्या आणल्या, देवळातून सतरंजी,
तरी पायऱ्यांवर माणसं.
जन्मात कागद न वाचलेला कायतान
बिलावर बोट ठेवून उभा,
एका खांबाला वर्षात अकरा बल्ब?
प्रेमावती गावडेने माहितीचे पाच अर्ज दिले,
फीचे पन्नास रुपये उसने घेऊन.
सरपंचांचा शर्ट पाठीला चिकटलेला.
मी म्हटलं, गाव जागं झालं.
कुष्टा म्हणाला, "जाग न्ही रे, भूक."
तरी त्या दिवशी तो हसत होता.

औंदा ट्रक परत सुरू झालेत.
रविवारी कपेलाच्या खुर्च्या आणल्या,
थप्पी न मोडता परत नेल्या.
अर्धा तास थांबलं की
कोरमशिवायही सभा चालते. थांबलो.
कायतानचा फोन: ट्रिप आहे, माझी सही तूच मार.

कुष्टा उठला. साडेचार लाख.
या वेळी मागून कोणी हसलं नाही.
मागे कोणी नव्हतंच.

एक सांगायचं राहिलं.
गेल्या महिन्यात मीही टिपर घेतला, बायकोच्या नावावर.
रांगेत नंबर सरपंचांच्या शब्दाने लागतो.
खर्चाची वही माझ्याच मांडीवर होती,
नळाचं पान मला तोंडपाठ.

"बसा, कुष्टाबाब," मी म्हटलं,
आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.