नातं : मुलगी

रोला चौकाजवळ, फोटोवाला आणि ज्यूसवाला यांच्या मधल्या
चिंचोळ्या गाळ्यात मी अठरा वर्षं अर्ज टाइप करते.
उजवीकडून डावीकडे लिहायला इथेच शिकले,
आणि लोकांची नाती रकान्यांत बसवायलाही.
पेशावरचा ड्रायव्हर, पोखऱ्याचा वॉचमन,
बायकोला पहिल्यांदाच आणणारा कुणी,
घामाने मऊ झालेली फोटोकॉपी खिशातून काढणारा.
नाव. जन्मतारीख. प्रायोजक. नातं.
बोटं चालत राहतात, लक्ष चहाकडे असतं.

आज समोरच्या खुर्चीत मधुजा.
"आई, आटप ना. गाडीचा इन्शुरन्सही बघायचाय."

तेवीस वर्षं तिच्या कागदावर प्रायोजक म्हणून ह्यांचं नाव.
आता कंपनीचं येणार. त्याआधी जुनं रद्द करायचं.
कारण : यादीतून निवडा.
मृत्यू. देश सोडणे. विवाह. नोकरी.
पहिल्या तिन्हींवरून मी अशी सरकले
जशी वाटेत कुणी झोपलेलं असावं.
आपली खात्री आहे का, असं यंत्र विचारतं.
सगळ्यांनाच विचारतं.
आजवर मी त्या प्रश्नापाशी कधी थांबले नव्हते.

बशीरभाई म्हणाले, घरच्या कामाचे पैसे कसले?
मी पर्समधून काढून गल्ल्यात टाकले.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

रुवैस. नकाशावर बोट ठेवलं तर अबू धाबीच्याही पुढे,
वाळू संपत नाही असा रस्ता,
हिवाळ्यात पहाटेचं धुकं, ट्रक, कुठे कुठे उंट.
तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना,
आणि त्यात रात्रपाळीला आमची ही,
जिला परवापर्यंत दुधावरची साय काढून द्यावी लागायची.

हे काही बोलले नाहीत. खाली पार्किंगमध्ये उकिडवे बसून
सेकंडहँड गाडीच्या टायरवरची तारीख वाचत राहिले.
"मागचे दोन जुने आहेत. उन्हात फुटतात."
आणि संध्याकाळी नवे बसवून आणले.
ह्यांचं बोलणं तेवढंच; चार अंकी.

मी मेतकुटाची बाटली दिली. "आई, तिकडे लुलू आहे."
मेतकूट नसतं, म्हटलं. घेतलं तिनं, सीटखाली सरकवलं.
टेबलावर तिचा फोन उजळला, एक नाव आलं.
मी वाचलं नाही, असं कुणालाही सांगेन.
पण टायपिस्ट आहे मी.
त्या नावाची अक्षरं अजून बोटांत आहेत.

दोन वर्षांनी हे साठीचे. मग आमचाही अर्ज मीच टाइप करीन
आणि आम्ही पेणच्या फ्लॅटमध्ये,
जिथे ती फक्त मे महिन्यात यायची आणि डासांना कंटाळायची.
मुलं घर सोडून जातात म्हणे.
इथे मूल राहतं. घरच निघून जातं.

पहिल्या आठवड्यात मी दिवसाला अकरा मेसेज केले.
पोचलीस का, जेवलीस का, दार आतून लावतेस ना,
शिफ्टला बायका किती, सुपरवायझर कुठला.
उत्तरं आली : हो. हो. हो. आई प्लीज.

मग एका शुक्रवारी तिनेच फोन केला. झोपाळलेला आवाज.
विचारायचं ते सगळं गिळून मी भलतंच विचारलं :
पाण्यातून काढलेल्या मिठाचं काय करता गं?
ती एकदम जागी झाली, कामाचं विचारलं म्हणून.
"परत समुद्रातच सोडतो. पण तसंच नाही सोडायचं.
आधी खूप पाणी मिसळायचं. पातळ करून, हळूहळू, पसरून.
नाहीतर तोंडाशीच मासे मरतात."

बराच वेळ बोलत होती. पंप, पाइप, कसलीशी गाळणी.
मी नुसतं हं हं केलं.

आता दिवसाला एकच पाठवते.
आज : तिकडे वारा आहे का?