आतल्या की बाहेरच्या?

लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही
कुणीतरी विचारतंच, कुठल्या तुम्ही?
मी म्हणते, ठाण्याची.
मग समोरचे काका
जिलेबी मोडता मोडता, भुवई उडवून,
आतल्या की बाहेरच्या?
आणि पंगत हसते.
नवरीची आत्यासुद्धा, पदर तोंडाला लावून.

पन्नास वर्षांत हा विनोद मी
चारशे वेळा तरी ऐकला असेन.
शब्द तेच. भुवईसुद्धा तीच.
मीही हसते.
न हसून जाते कुठे?

कारण मी खरंच आतली.
वॉर्डांच्या मागे, चिंचांच्या पलीकडे
स्टाफ क्वार्टर्स, खोली नंबर अकरा.
वडील मनोरुग्णालयात शिंपी.
गोठणकर मास्तर.
बिननाडीचे लेंगे शिवले त्यांनी जन्मभर
आणि बिनबटणांचे सदरे.
नाडी का नाही, मी विचारलं होतं सातव्या वर्षी.
आईने भाकरी उलटली.
बोलली नाही.

शाळेत पोरी माझा डबा नुसता हुंगायच्या,
खाल्लं तर लागेल म्हणून.
आई म्हणे, हसतील त्यांचे दात दिसतील.
मी दात मोजत बसायचे.
जाधवबाईंचा एक सोन्याचा होता.

हसू आणि हसं.
हसू आपलं. येतं, फुटतं,
दाबलं तर नाकातून निघतं.
हसं लोक करतात, आपलं ते नुसतं होतं.
अक्षरं तीच,
पायाशी बसलेला उकार तेवढा
टिंब होऊन डोक्यावर चढतो.

वडील हसणारे नव्हते.
तोंडात टाचण्या धरायची सवय, ओठ कायम मिटलेले.
एका संध्याकाळी आले
आणि उंबऱ्यावरच बसले, एक चप्पल पायात,
आणि हसायला लागले.
चहा निवला. थांबेनात.
आईने आधी खिडकी लावली,
मग त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.
तिच्या मनात काय आलं असेल
ते त्या कॉलनीत बोलून दाखवायची रीत नव्हती.

शेवटी एकदाचे बोलले.
बावीस वर्षं आत असलेले परांडेकर,
पूर्वी पोस्टात होते,
मापाला उभे राहिले हात पसरून
आणि कानाशी येऊन हळूच म्हणाले,
मास्तर, रोज सहाला तुम्ही पळून जाता
ते माहितीये मला, सांगणार नाही कुणाला.
पण दर सकाळी सापडता कसे हो?

आईने ओठ आवळले.
मग पोळपाटावर दोन्ही हात टेकून
ती इतकी हसली
की पिठात टिपं पडली.

माझा मुलगा सांगतो,
मेंदू पुढची पायरी गृहीत धरून चालतो,
ती नसली की पाय हवेत जातो,
आणि पडलो नाही हे कळलं की हसू.
असेल. तो शिकलाय.
पण वडिलांची पायरी कुठली होती?
वीस वर्षं त्याच फाटकातून जात-येत होते,
रजिस्टरवर सही करून.

मी विचारलं होतं त्यांना,
परांडेकर पण हसले का हो?
ते थांबले.
दुसरी चप्पल शोधत म्हणाले,
नाही गं.
ते उत्तराची वाट बघत होते.

परवा घोडबंदरला एका हॉलमध्ये
परत एक काका, परत ती भुवई.
मी म्हटलं, बाहेरच्या.
पण रोज सकाळी धरून नेतात.

कुणी हसलं नाही.
काकांनी मठ्ठ्यात मीठ आहे का बघितलं.
फक्त वाढणारा पोरगा,
भाड्याच्या कोटाची दोन बटणं तुटलेली,
फिस्सकन हसला,
घड्याळाकडे बघितलं त्याने,
आणि भात घेऊन पुढच्या पंगतीला गेला.