उभय नावे एकाच इसमाची

उद्यमबागेतल्या प्रेसनं
अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नेलं
तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते.
मालकानं टॉवेल दिला. स्वतःचा, चांगला होता.
परत मागितला नाही.

पुढची साडेतीन वर्षं
मी एकच शब्द पाठ केला : जमतंय.
डाव्या हातानं जेवायला जमतंय.
सायकल जमतंय.
पोरीची वेणी तेवढी नाही,
पण तीच म्हणते, अप्पा, मोकळेच बरे केस.

आणि आता मुचंडी वकीलबाई
कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर
वही उघडून विचारतात,
भरमा, काय काय जमत नाही, सांगा बघू.
मी गप्प.
बायकोला मात्र सगळं पाठ :
पायजम्याची नाडी. कुलूप. चिल्लर.
भाकरी मोडताना ताट सरकतं ते.
रात्री उशी बदलताना तोंडातून निघतं ते.
ती सांगत गेली, बाई लिहीत गेल्या.
घरात इतकं कुणी माझ्याकडं बघत होतं
हे मला त्या वहीतनं कळलं.

अर्ज कन्नडात.
मी सातवी पास, मराठी शाळा, कंग्राळी.
ती अक्षरं मला लेथखाली पडणाऱ्या बरीसारखी वाटतात,
गोल, चकचकीत, हात लावायची भीती.
बाई बोट ठेवून वाचतात, त्यांच्या मोडक्या मराठीत सांगतात.
एके ठिकाणी थांबल्या : विकलचेतन.
म्हटलं, चेतना शाबूत हाय बाई, बोटं गेल्यात.
हसल्या. म्हणाल्या, हा ऑफिसचा शब्द,
तुम्हाला बघून केलेला नव्हे.

बोर्डानं आधी दिले अडतीस टक्के.
चाळीस लागतात.
दोन टक्के म्हणजे केवढं,
मी रिक्षात बसून हिशेब करत होतो,
करंगळीचं एक पेर? दोन नखं?
थंडीत जे बोट नाहीच ते ठणकतं,
ते कुठल्या रकान्यात?

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन :
खोटं काही करू नका.
फक्त घाई करू नका.
जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांच्यासमोर लागू दे.

मग मी शर्टाच्या गुंड्या लावल्या.
पाच.
दुसरीला डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.
तिसरीला करंट गेला, पंखा थांबला.
चौथीला शिकाऊ डॉक्टरीण पुढं झाली मदतीला,
मोठ्यांनी तिला हातानंच थोपवलं.
पाचवी लागली तेव्हा
लाज वाटली नाही, अभिमानही नाही.
घाम आला होता.

मग नावाचं निघालं.
आधारवर भरमा, तहसीलच्या कागदात ब्रह्मा.
कुणा क्लार्काला वाटलं असेल,
असलं कुठं नाव असतंय काय,
देवाचंच करून टाकूया.
म्हणून स्टँपपेपर, नोटरी,
आणि बाई अर्थ सांगतायत :
उभय नावे एकाच इसमाची.

विचारावंसं वाटलं,
सव्वातीनच्या आधीचा एक होता,
अंगठ्याच्या पोटानं डायची धार ओळखायचा,
पाव मिलीमीटरचा फरक न मोजता सांगायचा.
तो आणि हा,
ह्यांचंबी असं एक कागद होईल काय हो?
विचारलं नाही. मागं लाईन होती.

नोटरी म्हणाला, उजवा अंगठा.
बाई म्हणाल्या, डावा.
एवढंच.
पण ज्या आवाजात म्हणाल्या
त्या आवाजासाठी पुढच्या खेपेला
अर्धं पोतं रताळी न्यायचं आम्ही जिन्यातच ठरवलं.
फी त्या घेतात, पावती देतात.
रताळी फीच्या बाहेर.

नाडकचेरीच्या खिडकीतला म्हणाला, दसरा होऊ दे, मग या.
बायकोनं पोचपावती चार घड्या करून
ब्लाऊजमध्ये ठेवली.
बसमध्ये मी डावा अंगठा
खिडकीच्या काचेवर टेकवत बसलो, उगीच.
दोन-तीन स्टॉप उमटत होता.