चवीपुरतं

फलटणकडचा एक दूध संघ बुडाला,
तेव्हा त्यांचे दोन कूलर आम्ही भंगाराच्या भावात उचलले.
एकावर निळ्या रंगात लिहिलेलं, गाय.
दुसऱ्यावर, म्हैस.
घासूनही ते निघालं नाही.
म्हणून भोसरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
आमची पहिली बिअर म्हशीत आंबली
आणि गायीत निवली.

वेल्डिंगला इस्माईल तांबोळी यायचे.
सात वर्षांत थेंब घेतला नाही त्यांनी,
पण सांध्यावरून बोट फिरवून सांगायचे,
"इथं मळ धरंल, मॅडम. पुन्हा घासतो."
त्याआधी अकरा वर्षं मी डेअरीत दूध तपासलेलं.
बोटाचं बोलणं मला कळायचं.

प्रद्योतनं तळेगावचा प्लॉट विकला.
आईला म्हणाला, ज्यूसचा कारखाना काढतोय.
त्या एकदा येऊन गेल्या.
झाकणाशी वाकून वास घेतला,
"ज्यूस आंबलाय रे तुमचा," म्हणाल्या,
पुढे कधी काही विचारलं नाही.

गुरुवारी भोसरीत वीज नसते.
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मलाही.
पण त्या आठवड्यात जनरेटरचं डिझेल
बुधवारीच संपलं
(कुणामुळे, यावर अजून एकमत नाही),
आणि म्हशीच्या पोटात चारशे लिटर
गव्हाचं कोमट पाणी, झाकण अर्धं उघडं,
एप्रिल, तापलेले पत्रे,
शेजारच्या स्टुलावर माझा दहीभाताचा डबा.

शुक्रवारी प्रद्योतनं चाखलं आणि थुंकलं.
"नासलं."
मी चाखलं. परत चाखलं.
दुधात अकरा वर्षं काढल्यावर
जिभेला एवढं तरी कळतं:
नासलेलं फाटतं,
विरजलेलं धरतं.
"हे विरजलंय," मी म्हटलं.
तो भिंतीवर खडूनं चारशेला कशानं तरी गुणत होता.

पुन्हा उकळलं. यीस्ट सोडलं. धने न भाजता, नुसते ठेचून.
मग मीठ.
जर्मनीतल्या कुठल्याशा गावात असं करतात म्हणे,
तिथलं पाणीच जरा खारं. हे मला फार नंतर कळलं.
आमचं पाणी टँकरचं,
गव्हाणे आणतील त्या विहिरीचं.
त्याला स्वतःचं असं काहीच नव्हतं.
म्हणून शिरोड्याहून रेडकरांनी धाडलेलं मीठ,
जाड, करडं, वाळूचा एखादा कण असलेलं.

"किती ग्रॅम?" प्रद्योतनं पेन काढलं.
"चवीपुरतं."
"सरकारी रजिस्टरात चवीपुरतं लिहू?"
शेवटी मोजलं.
पण आधी घातलं, मग मोजलं.

दुय्यम निरीक्षक ढेकळे
नावाच्या रकान्यापाशी अडले.
"मठ्ठा? अहो, लोक पोरांना पाजतील."
मग त्याच दिवशी, तिथल्या तिथे,
नाव ठेवलं गुरुवार.
निम्मं पुणं गुरुवारी पीत नाही
हे लेबलं छापून झाल्यावर आठवलं.

वर्षभर कुणी हात लावला नाही.
खडकीचे एक निवृत्त सुभेदार तेवढे यायचे,
उभ्याउभ्या एक ग्लास घ्यायचे.
"परेडनंतर ओठ चाटले की अशीच चव," एवढंच बोलले,
मिशी पुसली, सुटे पैसे मोजून ठेवले.

प्रद्योत चौथ्या वर्षी कॅलगरीला गेला.
भांडण नाही.
प्लॉटचे पैसे मी हप्त्यांनी फेडले,
शेवटचा गेल्या महिन्यात.
फोन आला तेव्हा तिकडे बर्फ होता.
"गुरुवार करतेस अजून?"
"दर बुधवारी."
"मीठ मोजून?"
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
प्यायलेल्याचं काय, ते कुणी सांगून ठेवलं नाही.
मी म्हटलं, इकडे ऊन फार आहे रे.

आता शेड मोठी आहे, टाक्या नव्या, चकचकीत.
म्हैस मात्र ठेवलीय.
बुधवारी रात्री माणसं गेली
की तिच्या अंगाला हात लावून बघते.
कोमट असते.
कान टेकवला तर काही ऐकू येत नाही.
तरी थोडा वेळ तशीच उभी राहते.