पुकारा

हळद कपड्यात नाही, नखांत बसते.
शाळेच्या डायरीवर सही केली
की कोपऱ्यात पिवळा अंगठा उमटतो,
आणि मृण्मयीच्या बाई विचारतात,
घरी लग्न आहे का हो कुणाचं?
लग्न नाही बाई.
सांगलीच्या मार्केट यार्डात, मगदूमांच्या अडतीत
मी सात वर्षं दिवाणजी आहे.

सात वर्षं लिहिलं.
पोती किती, तोलाई, हमाली,
कुणाची राजापुरी, कुणाचा गट्टा.
पुकारायचे पायगोंडा अण्णा.
त्यांचा आवाज पत्र्याला लागून परत यायचा
आणि माझं पेन त्याच्यामागं पळायचं.
मला कुणी दर विचारलाच
तर मी वही फिरवून आकड्यावर बोट ठेवायचे.

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली.
मिरजेत ऑपरेशन झालं.
पाटीवर खडूनं लिहून त्यांनी माझ्यापुढं धरलं:
सोमवारपासून तू.

मी म्हटलं, मला नाही जमणार.
म्हणजे म्हणायचं होतं. नुसते ओठ हलले.

कुकर, भाकरी, सातचा पाढा, गणवेशाला इस्त्री,
नवरा कुपवाडला दुसऱ्या पाळीत.
भ्यायला वेळ मिळाला तो साडेदहानंतर.
मग मात्र निवांत भ्याले.
साठ-सत्तर व्यापारी, सगळे पुरुष,
कुणीतरी पान थुंकून म्हणणार,
बाई, पोळपाट कुठं ठेवला?

सकाळी शेंगदाण्याच्या चटणीला मिक्सर लावला
आणि त्या घरघरीत ओरडून पाहिलं,
बारा हजार!
मिक्सर थांबला. मी थोडी उशिरा थांबले.
दारात मृण्मयी, एकाच पायात मोजा.
"तेरा," ती म्हणाली.

उशी गेली चौदा हजार दोनशेला.
बाबांची चप्पल चाळीस रुपयांना, तीही उधारीवर.
"आई, तू भिंतीकडं बघून बोलतेस.
गिऱ्हाईक इकडं आहे."

पी हळद नि हो गोरी, असं काही झालं नाही.
सोमवारी पहिल्या ढिगापाशी उभी राहिले
तर जीभ टाळ्याला चिकटलेली,
हळदीची धूळ उन्हात तरंगत होती,
खाली बसायचं नावच घेत नव्हती.
"बोला की ओ वैनी."
कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं हसणं,
पण परत वहीकडं जायला
मला तेवढंही पुरलं असतं.

तेव्हा काय आठवावं?
संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून मी हाक मारते,
मृण्मयीऽऽ,
तर कोपऱ्यावरचे रिक्षावाले वळून बघतात,
झोपलेलं कुत्रं उठून बसतं,
दुसऱ्यांचीही पोरं घरी जातात.
ती हाक मी कधी आवाजात धरलीच नव्हती.
ती घरकामात मोडायची.

तीच मारली.
दहा हजार पाचशेऽऽ!
पत्र्यावरची पारवी उडाली.
मागून एक बोट वर झालं. सहाशे.
मग दुसरं.

तिसऱ्या ढिगाला आवाज चिरकला.
पाचव्याला मी सहाशेचे आठशे केले,
शेतकरी खूश, व्यापारी भांडायला उठला.
"चुकलं माझं. सहाशे."
हेही त्याच पट्टीत म्हणाले, सगळ्यांदेखत,
आणि पत्रा काही डोक्यावर पडला नाही.
कोपऱ्यात अण्णा, गळ्याला मफलर.
पाटीवर एवढंच: पाणी पी.

संध्याकाळी ग्रिलशी जाऊन हाक मारायला गेले
तर घशातून नुसती हवा.
खाली दिवे लागत होते,
भाजी चिरायची होती, उद्याचा डबा डोक्यात होता.
मी टाळी वाजवली.
मृण्मयीनं वर पाहिलं, दोन्ही हात तोंडाशी धरले,
आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली,
कितीला गेली गंऽऽ?

मी ग्रिलमधून पिवळी बोटं बाहेर काढली.
एक हात पुरला नाही.