लोकरीचा काटा

घरचा काटा एकशे वीसवर जाऊन गप्प बसतो,
म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एडेलमिरा मला गाडीत घालते
आणि शेडवर नेते, जिथे लोकरीचे गठ्ठे तोलतात.
फळीवर खुर्ची, खुर्चीत मी, मांडीवर कुबड्या.
अठरा वजा.
कारकून बार्रिया चष्मा कपाळावर सरकवून वाचतो:
एकशे सदतीस.
मागल्या खेपेला? साडेसदतीस.
तो वहीत लिहितो, गठ्ठ्यांच्याच पानावर,
प्रत आणि रंग या रकान्यांत रेघ मारून.

एकवीस वर्षं याच शेडमध्ये मी मेंढ्या कातरल्या.
दिवसाला दीडशे.
मेंढीला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या गुडघ्यांत धरायची,
पोटापासून सुरुवात, मग डावी मांडी, मग मान,
आणि तीन मिनिटांत चार किलो
अख्खे, एका तुकड्यात, जमिनीवर.
मेंढी उठून पळायची,
आपलीच आपल्याला ओळख पटली नाही अशी.

तेव्हा माझं पोट हातावर होतं.
मग कणा गेला
(ट्रकची फळी, बर्फ, सांगण्यासारखं काही नाही)
आणि पोट हातावरून उतरून मांडीवर येऊन बसलं.
पाहुणा म्हणून आलं, घरजावई होऊन राहिलं.

यास्ना दवाखान्यातून मंगळवारी येते. पंचविशीची पोर.
दॉन एलेउतेरियो, बसल्या बसल्या हात वर. दहा वेळा.
दोन्ही हातांत पाण्याची एकेक बाटली.
मग काखेत हात घालून ती मला उभं करते,
पाठ तिच्या गुडघ्याला टेकवून,
आणि मी अंग सैल सोडतो.
जी मेंढी झगडत नाही तिला चिरा कमी पडतात.
हे मला ठाऊक होतंच,
पण वरच्या बाजूने.

गावाचं नाव पोर्वेनीर, म्हणजे पुढे येणारा काळ.
तो सामुद्रधुनीपलीकडून बोटीने येतो,
समुद्र खवळला की येत नाही.
जूनमध्ये सूर्य दहाला उगवतो, पाच वाजून गेले की निघून जातो.
यंदाच्या जूनमध्ये दोन किलो परत आले.
बार्रियाने आकडा मोठ्याने वाचला नाही,
नुसता लिहिला, आणि आभाळाबद्दल काहीतरी बोलला.

एडेलमिरा मला भोपळा देते, मसूर देते,
पावाचा एक काप, ज्यातून खिडकी दिसेल इतका पातळ.
तिला वाटतं मला झोप लागली, तेव्हा ती
ओट्याशी उभ्या उभ्या कोकराची बरगडी खाते
आणि वास जावा म्हणून खिडकी उघडते.
इथल्या वाऱ्यात! ऑगस्टमध्ये!
मी डोळे मिटून कुडकुडतो.
बहिणीचं जेवण मोडू नये.

चौदा महिने. अकरा किलो.
तेवढं कातरायला मला नऊ मिनिटं लागली नसती.
आणि ती लोकर निदान दिसायची, गठ्ठ्यात बसायची,
बोटीवर चढायची, कुणाच्या तरी अंगावर जायची.
माझं कुठे गेलं?
कुणी गोळा केलं नाही, कुणी झाडून काढलं नाही.
तोळ्यातोळ्याने, रात्री, मी झोपेत असताना
कुणीतरी फार सावकाश हात चालवत असणार,
नवशिका,
कातडीला लागू नये म्हणून श्वास धरून.

परवा फाटकापर्यंत गेलो. बावीस पावलं, दोन कुबड्या, मध्ये एक थांबा.
गेली सहा वर्षं वारा माझ्यावर आपटून बाजूने निघून जायचा,
भिंतीला वळसा घालावा तसा.
परवा त्याने मला ढकललं.
मी कुंपणाची तार धरली, एक कुबडी पडली,
आणि एडेलमिरा ओरडत आली, एलेउते, सांभाळ,
पायात एकच चप्पल.

मी हसत होतो. तिला ते आवडलं नाही.