टाकी

वॅलेटाचा दगड मऊ. फ्रान्का म्हणतात त्याला.
खाणीतून आला की साबणासारखा कापावा,
मग वारा लागून तो घट्ट होतो,
आणि शे-दोनशे वर्षांनी तोच खारा वारा
त्याला आतून पिठूळ करतो.
घराण्यांचंही असंच, माझा थोरला मिस्त्री म्हणायचा,
आणि बॅरनच्या घराकडे बघून थुंकायचा.

मी विस्तीन. गवंडी. बासष्ट पूर्ण.
या उताराच्या गल्लीत, जिच्या दोन्ही टोकांना समुद्र उभा असतो,
मोंतार्सो घराण्याच्या वाड्यात
मला चौतीस कुजके दगड बदलायचे आहेत.
हॉटेल होणार आहे. प्रत्येक खोलीला न्हाणीघर.

बांधलं ते पहिल्या मोंतार्सोनं.
जहाजं लुटायचा, पण रीतसर परवाना काढून.
इथला जुना कायदा: आधी टाकी खणा,
पावसाचं पाणी साठवा, मगच राहा.
बेड्या घातलेल्या माणसांनी ती खणली.
निघाला त्याच दगडाचं वर घर चढलं,
तीन मजले, हिरवी लाकडी गॅलरी, संगमरवरी जिना.
म्हणजे घर काय,
खालचा खड्डाच वर उपसून ठेवलेला.

शेवटचा बॅरन कालचेदोनियो.
लग्न नाही. पांढरे हातमोजे. बोलणं इटालियनमध्ये,
आमची भाषा फक्त स्वयंपाकघरापुरती.
युद्धाच्या दुसऱ्या वर्षी गोदीवर बॉम्ब पडू लागले तेव्हा
त्यानं टाकी रिकामी करून घेतली
आणि रस्त्याकडचं दार उघडं ठेवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
एक्केचाळीस माणसं उतरली. एक शेळीही.
पहिल्या रात्री तो स्वतःची सोनेरी खुर्ची घेऊन खाली आला,
सगळ्यांपासून चार हात लांब बसला.
नवव्या रात्री ती खुर्ची चुलीत गेली.
कुणी मोडली ते माझी आई शेवटपर्यंत सांगत नव्हती,
फक्त हसायची.
ती तेव्हा सहा वर्षांची.

युद्ध संपलं. दार लागलं.
रस्त्यात भेटला तर टोपी उचलायचा,
नाव मात्र कुणाचंच घेत नसे.
नावं माहीतच नसणार त्याला, लोक म्हणायचे,
रात्रीचा दिलदार आणि दिवसाचा बॅरन.
मग घर फिरलं, तसे वासेही फिरले:
आधी झुंबरं गेली, मग चित्रं,
मग चित्रांच्या जागी राहिलेले गडद चौकोन दाखवून
तो पाहुण्यांना चित्रं सांगू लागला.
शेवटी पाहुणेही येईनात.
मेला तेव्हा एका खोलीत कॉट, स्टोव्ह,
आणि धुऊन वाळत घातलेले हातमोजे.
कातानियाचे पुतणे भांडत राहिले, एकतीस वर्षं कुलूप.

काल मी टाकीत उतरलो.
गंमत बघा, हातातल्या छिन्नीलाही टाकीच म्हणायचं,
टाकी घेऊन टाकीत.
भिंतीचा चुना खरवडला तर खाली पेन्सिलीचं अक्षर,
बारीक, तिरपं, शाळेत घोटवून घेतलेलं.
इटालियन नव्हे. आमची भाषा.
चुकीच्या स्पेलिंगात, पण आमची.
एक्केचाळीस ओळी.

लंगडा झेपू, गोदीवाला. रात्री ओरडतो.
कार्मेनू आणि त्याची विधवा बहीण. पाव कमी पडतो.
शेळी: सिन्योरा.
आणि खालून तिसरी ओळ:
दुमिंकाची धाकटी. खोकते. उद्या मध.

मध. बेचाळीस साली, जेव्हा
मीठसुद्धा शिधापत्रिकेवर मिळत होतं.
आईला विचारायला हवं होतं, मिळाला का.
ती गेल्या पावसाळ्याआधीच गेली.

आर्किटेक्टबाई म्हणाल्या, भिंत स्वच्छ हवी,
इथं दारूचा बार होणार आहे, दिवे खालून येतील.
मी हो म्हटलं. माझं काम हो म्हणायचं.
संध्याकाळी मुलं गेल्यावर
ते सहा दगड मी एकेक करून सोडवले,
फिरवले,
आणि लिहिलेली बाजू आत करून पुन्हा बसवले.

सांधे नीट भरले आहेत. कुणाला कळणार नाही.
पुढचा गवंडी येईल तेव्हा,
दगड पुन्हा पिठूळ झालेला असेल,
तोवर.